काकूंच्या तैलचित्राची हकीकत

(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या चिटणिसांनी भाषणाचा विषय विचारला तेव्हा 'चित्रकला आणि समाज' असा काहीतरी भारदस्त विषय त्यांच्या मनात असावा असे दिसले. त्यांची निराशा होणार, याबद्दल आरंभीच क्षमा मागतो. ज्याचे सारे आयुष्य शाळेतील मुलांना घडे, वाट्या आणि पेरू काढावयास शिकविण्यात गेले, त्याने समाजास उपदेश करण्याच्या भानगडीत पडू नये. आज आम्ही एका चित्राची हकीकत सांगणार आहोत. हे चित्र आपल्याच वसतिगृहाच्या सभागृहात, उत्तरेकडील भिंतीवर टांगलेले आहे, आणि गेले वर्षभर त्याविषयी आपणांपैकी अनेकांनी आम्हांस प्रश्न विचारले आहेत. काही प्रश्न कौतुकाचे होते. काही, स्पष्टच सांगावयाचे तर, तसे नव्हते. "मास्तर, चेहरा एवढा अंधारात का?" हा प्रश्न तर निदान वीस जणांनी केला. त्या सर्वांस एकदमच उत्तर द्यावे, असा आजचा बेत आहे.

आपल्या सभागृहातील तसबिरी आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. संस्थापक, देणगीदार, माजी अध्यक्ष, सर्व एकाच मापाच्या चौकटीत, कोणी पगडीत, कोणी टोपीत, कोणी कोटावर उपरणे घेऊन, समोर पाहात बसलेले. त्यांच्या ओळीत वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाईंचेही चित्र असावे, अशी सूचना माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात एका गृहस्थांनी मांडली. सुमारे तीस वर्षे त्यांनी आपल्या मुलांना दोन वेळ जेवू घातले. आम्हीही त्यांच्या हातच्या भाकरीवर चार वर्षे काढली आहेत. सूचना टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली. पुढे कार्यकारिणीत मात्र एका ज्येष्ठ सभासदांनी शंका काढली, की देणगीदारांच्या रांगेत पगारी बाईंची तसबीर लावण्याचा पायंडा पडला तर तो कोठे थांबेल? या शंकेस उत्तर देण्याच्या भरात आम्ही म्हणालो, की चित्र आम्ही विनामूल्य काढून देऊ. शंका तशीच राहिली, चित्र मात्र आमच्या गळ्यात पडले.

पहिली अडचण साधनाची. काकूंचे छायाचित्र शोधता शोधता सारे दप्तर पालथे घातले, तेव्हा एक सापडले. वार्षिक समारंभाचा तो समूह-फोटो होता. पुढे खुर्च्यांवर पाहुणे, मागे मुले, आणि अगदी उजव्या कडेला, स्वयंपाकघराच्या दारात, एक बाई उभी. अर्धा चेहरा दाराच्या चौकटीआड, उरलेल्या अर्ध्यावर सावली. छायाचित्रकाराने त्यांना बोलाविले नव्हते; त्या नुसत्या पाहावयास आल्या होत्या. भिंगाखाली धरून पाहिले तर चेहऱ्याच्या जागी करड्या ठिपक्यांवाचून काही हाती लागत नव्हते.

तेव्हा आम्ही स्मरणशक्तीचा आधार घ्यावयाचे ठरविले. आमच्या वेळच्या मुलांपैकी ज्यांचे ज्यांचे पत्ते मिळाले त्यांना विचारले, काकूंचा चेहरा कसा होता, सांगा. प्रत्येकास काकू उत्तम आठवत होत्या. आमटीची चव आठवत होती, परीक्षेच्या दिवसांत रात्री झाकून ठेवलेले दूध आठवत होते, तापात कपाळावर ठेवलेला थंडगार हात आठवत होता. चेहरा मात्र कोणासच नीट सांगता येईना. कपाळावर कुंकू होते की नव्हते, या साध्या प्रश्नावर निम्मे म्हणाले होते, निम्मे म्हणाले नव्हते. आणि ही मंडळी कोण? डॉक्टर, वकील, इंजिनियर; आकडे आणि कलमे तोंडपाठ असणारी! आम्ही तर जन्मभर मुलांना 'नीट पाहा, मग काढा' असे बजावीत आलो, आणि त्या चार वर्षांत रोज दोन वेळा जिच्यासमोर ताट धरले तिच्या कपाळाकडे आम्ही स्वतः एकदाही नीट पाहिले नव्हते. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही, हे येथे नमूद करतो.

आता ज्या चित्रकाराचा आदर्श आम्ही समोर ठेवला त्याच्याविषयी. हॉलंडचा रेम्ब्रांट हा आमचे विद्यार्थिदशेपासूनचे दैवत. तो 1606 साली लायडन येथे जन्मला व 1669 साली ॲम्स्टरडॅम येथे वारला. स्वतःचा देश सोडून तो कधी बाहेर गेला नाही. कीर्ती मिळाली, पैसा मिळाला, तो पुष्कळसा हौसेच्या वस्तू जमविण्यात गेला, आणि 1656 साली दिवाळे निघाले. पत्नी त्याआधीच, 1642 साली, निवर्तली होती. पुढे तरुण मुलगाही 1668 साली गेला. या सर्व काळात त्याचा हात चालूच होता. म्हाताऱ्या माणसांचे चेहरे त्याने जसे काढले तसे काढणारा दुसरा आम्हांस ठाऊक नाही. आपल्याकडेही गोव्यात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत अध्यापन केलेले आंतोनियो झेवियर त्रिंदाद (1870–1935) यांना रसिकांनी 'पूर्वेचा रेम्ब्रांट' म्हटले, यावरून त्या नावाचा दरारा आपल्या ध्यानी येईल. त्रिंदादांची चित्रे आज पणजीस पाहावयास मिळतात. गोव्यास केवळ समुद्रासाठी जाणाऱ्या आपल्या मंडळींनी एक सकाळ तिकडे खर्च करावी.

काळोख्या पार्श्वभूमीतून उमलणारा वृद्ध चेहरा, हे रेम्ब्रांटचे वैशिष्ट्य. आणि काकूंचे छायाचित्र तर काळोखातच होते. योग जुळून आला असे आम्हांस वाटले. आम्ही 30 इंच उंचीचा व 24 इंच रुंदीचा कॅनव्हास ताणला, त्यावर तपकिरी अस्तर दिले, रॉ अंबर, बर्न्ट सिएना आणि आयव्हरी ब्लॅक यांच्या ट्यूबा सढळ हाताने पिळल्या. अळशीच्या तेलात कालवून एकावर एक थर दिले. डोक्यावरून पदर घेतलेली वृद्धा, डोळ्यांत पाणी तरळल्याचा भास, एका गालावर सोनेरी प्रकाश. तीन महिन्यांत चित्र उभे राहिले. शेजाऱ्यांनी वाहवा केली. आम्हीही, खोटे कशाला बोला, मनातून खूश झालो.

काकूंची कन्या आता स्वतः सत्तरीच्या घरात आहे. चित्र दाखविण्यासाठी आम्ही त्यांना मुद्दाम घरी बोलाविले. त्या बराच वेळ पाहात राहिल्या. मग अगदी संकोचाने म्हणाल्या, "दादा, चित्र फार मोठं झालंय हो. पण ही कोणातरी परक्या देशाची आजी वाटते. आणि आईच्या स्वयंपाकघरात एवढा अंधार कधीच नव्हता. पूर्वेला खिडकी होती की."

पूर्वेला खिडकी होती. खरेच होती. तिच्या गजांवर चमचे आणि झारे अडकविलेले असत. चार वर्षे ती आमच्याही डोळ्यांसमोर होती, आणि आम्ही ती हॉलंडच्या काळोखात बुजवून टाकली.

धीर करून आम्ही कुंकवाचेही विचारले. त्या म्हणाल्या, "आम्ही इथं आलो तेच मुळी बाबा गेल्यावर. कुंकू कुठलं? पण आईच्या कपाळावर गोंदण होतं, हिरवं, तिळाएवढं. लांबून पाहणाऱ्याला कुंकूच वाटायचं." म्हणजे दोन्ही पक्ष आपापल्या परीने खरे होते. विधवा बाई दोन लेकरे घेऊन वसतिगृहाच्या मागच्या खोलीत राहावयास आली होती, आणि तिच्या हातचे जेवणाऱ्या आम्हां मुलांना ती गोष्टसुद्धा ठाऊक नव्हती!

तो कॅनव्हास आम्ही भिंतीकडे तोंड करून ठेवला. दोन महिने ब्रशला हात लावला नाही. या काळात एकच विचार डोक्यात घोळत होता, की ज्या चित्रकाराला आपण गुरू मानतो त्याच्यापासून आपण नेमके घेतले काय? तपकिरी रंग घेतला. पण तपकिरी रंग तर कोणत्याही दुकानात मिळतो!

येथे थोडे मागे जाणे भाग आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आम्ही मुलीकडे ॲम्स्टरडॅमजवळ महिनाभर राहिलो होतो. त्या भागात आता मराठी कुटुंबे बरीच आहेत. गणपतीच्या तयारीच्या गप्पा आम्ही तेथेही ऐकल्या. मुलगी व जावई कामावर गेले की आम्ही डबा घेऊन राइक्स म्युझियमची वाट धरीत असू. 'नाइट वॉच' हे 1642 सालचे विख्यात चित्र तेव्हा काचेच्या मोठ्या खोलीत घेतलेले होते आणि तज्ज्ञ मंडळी लोकांच्या डोळ्यांदेखत त्याची तपासणी करीत होती. गर्दी सारी तेथे. आमचे पाय मात्र दोन चित्रांपाशी अडत. त्यांतील एक अगदी लहान, सुमारे 60 सेंटिमीटर उंच व 48 सेंटिमीटर रुंद, लाकडी फळीवर काढलेले. 1631 साली, वयाच्या पंचविशीत, रेम्ब्रांटने ते काढले. एक वृद्धा मांडीवर भला मोठा ग्रंथ घेऊन वाचीत आहे. ती चित्रकाराची आईच, असे पुष्कळ काळ मानले जात असे. बायबलातील हन्ना नावाची भविष्यवादिनी असावी असेही म्हणतात. ते काही असो. दोन महिने ब्रश बाजूला ठेवून बसलो असता हेच चित्र आम्हांस पुन्हा पुन्हा आठवू लागले, आणि एके दिवशी एकदम उमगले, की त्या वृद्धेचा चेहरा उजेडात नाहीच! उजेड तिच्या खांद्यामागून येतो आणि उतरतो तो ग्रंथाच्या पानावर, आणि पानावर पालथ्या ठेवलेल्या तिच्या हातावर. त्या हाताची प्रत्येक सुरकुती, प्रत्येक शीर मोजून घ्यावी इतकी स्पष्ट आहे. चेहरा छायेत शांत आहे. वाचणारे माणूस ज्यात गढले आहे त्यावर चित्रकाराने प्रकाश टाकला आहे.

दुसरे चित्र त्याच्या अखेरच्या वर्षांतील, 'ज्यू वधू' या नावाने ओळखले जाणारे. पुरुषाचा हात स्त्रीच्या छातीवर अलगद ठेवलेला, आणि तिची बोटे त्याच्या हातावर टेकलेली. येथेही सारा जीव हातांत आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉग 1885 साली हे चित्र पाहावयास आला आणि बरोबरच्या मित्राने सारे म्युझियम पाहून घेतले तरी तो तेथेच बसून राहिला, असे त्या मित्राने सांगून ठेवले आहे. आम्ही व्हॅन गॉग नव्हे. आम्हांस डबा खावयास उठावे लागे. पण त्या पुरुषाची सोनेरी बाही आम्ही जवळून पाहिली आहे. रंग काही ठिकाणी इतका जाड आहे, की तो लावला असे न म्हणता थापला असेच म्हणावेसे वाटते. रेम्ब्रांटच्या एका चित्रातील माणसाला नाकाला धरून उचलता येईल, इतका रंगाचा थर होता, असे हाउब्राकेन नावाच्या लेखकाने 1718 साली थट्टेने लिहिले आहे. या जाड पांढऱ्या रंगाचे रहस्य शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी त्याचे सूक्ष्म कण तपासले. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात प्लम्बोनॅक्राइट नावाचा शिशाचा एक दुर्मिळ क्षार त्यात आढळला. नेहमीच्या शिसेयुक्त पांढऱ्यात व तेलात आणखी काही मिसळून तो आपला रंग लोण्यासारखा घट्ट करीत असावा, असा त्यावरून तर्क आहे.

लक्षात घ्या, 1631 चे चित्र बारीक कुंचल्याने रेखलेले आणि 'ज्यू वधू' थापलेले. तेव्हा 'रेम्ब्रांटची शैली' म्हणून आपण ज्याची नक्कल करावयास निघतो ती एक वस्तू नाहीच. जाड रंग उजेडात, पातळ रंग छायेत, हा त्याच्या उत्तरायुष्यातील हातोटीचा भाग झाला. छायेतला रंग इतका पातळ, की खालचे अस्तर त्यातून श्वास घेते. आम्ही नेमके उलट केले होते. आमचा सगळा काळोख जाड होता! सावलीत थरावर थर देऊन आम्ही तेथे डांबरी रस्ता तयार केला होता.

स्वतः रेम्ब्रांटने दुसऱ्याची शैली कशी घेतली, हीही हकीकत ऐकण्यासारखी आहे, आणि तिचा संबंध थेट आपल्या देशाशी पोहोचतो. डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार सुरतेस होती. ज्या सुरतेवर शिवछत्रपतींनी 1664 साली स्वारी केली तीच ही सुरत. त्या व्यापाराच्या ओघात मोगल दरबारची लघुचित्रे हॉलंडपर्यंत गेली. साधारण 1656 ते 1661 या काळात रेम्ब्रांटने त्यांवरून रेखाटने केली. त्यांपैकी तेवीस आज उपलब्ध आहेत. दिवाळे निघालेला, पन्नाशी गाठलेला हा उस्ताद पूर्वेकडून आलेल्या महागड्या कागदावर जहांगीर आणि शहाजहान यांची चित्रे शागिर्दासारखी उतरवीत बसला होता. त्याने आपल्या चित्रकारांचे झगझगीत रंग घेतले नाहीत, सोन्याचा मुलामा घेतला नाही. अंगरख्याची घडी आणि बसण्याची ढब यांवर त्याचे लक्ष होते. झाडाखाली बसलेल्या चार मौलवींचे एक रेखाटन त्याने केले आहे. त्याच बैठकीचा उपयोग करून 1656 साली त्याने अब्राहामाच्या घरी आलेल्या देवदूतांचे कोरीव चित्र घडविले. मौलवींच्या जागी देवदूत बसले, पण बैठक हिंदुस्थानचीच राहिली.

आणि त्याचा शिष्य कारेल फाब्रिशियस? गुरूच्या हाताखाली शिकून तो बाहेर पडला आणि त्याने गुरूचे गणितच फिरविले. काळोखावर उजळ आकृती काढण्याऐवजी उजळ भिंतीवर काळसर आकृती. हेग येथे त्याचे 1654 सालचे छोटे पक्ष्याचे चित्र आहे. पांढुरकी भिंत, तिच्यावर साखळीने बांधलेला एक इवलासा पक्षी, बस्स. त्याच वर्षी डेल्फ्ट शहरात दारूच्या कोठाराचा स्फोट झाला, त्यात बिचारा मेला. संगीताच्या घराण्यांतून आपल्याला ही गोष्ट परिचयाची आहे. गुरूचा खोकला उचलणारे शिष्य पुष्कळ. गुरूचा श्वास कोठे थांबतो ते ऐकणारा एखादा. आमच्या पहिल्या चित्रात खोकलाच तेवढा उतरला होता.

असो. दोन महिन्यांनी आम्ही काकूंच्या कन्येस पुन्हा विनंती केली, की एक दिवस आमच्याकडे येऊन भाकऱ्या कराव्यात. त्यांना वाटले मास्तरांना भाकरी खावीशी वाटते. आम्ही खरे कारण सांगितले, तेव्हा त्या आधी हसल्या, मग स्वतःचे हात उलटसुलट करून पाहात म्हणाल्या, "आईचेच आहेत हो. सगळे म्हणतात."

त्या पाच सकाळी आल्या. आमच्या स्वयंपाकघराची खिडकीही पूर्वेला आहे, हा योगायोग. खाली पाट, पुढे काठवट, ज्वारीचे पीठ, पाण्याचा तांब्या. त्या भाकरी थापीत आणि आम्ही कोळशाने कागदावर भराभर हात काढीत असू. भाकरी थापणारा हात आपण सर्वांनी जन्मभर पाहिला आहे असे आपणांस वाटते. आम्हांसही वाटत होते. पण बोटे सरळ नसतात, किंचित वर उचललेली असतात. दाब तळव्याच्या कडेने आणि बोटांच्या मुळाशी पडतो. भाकरी हाताखाली स्वतः फिरते आणि हात जवळजवळ जागेवरच असतो. अंगठा तर सारा वेळ कड राखीत असतो. तिसऱ्या दिवशी कागद पुरेनासे झाले तेव्हा आम्ही वर्तमानपत्रांवर काढले. दुपारी त्या भाकऱ्या आम्ही उभयतांनी खाल्ल्या, त्याचा अतिरिक्त लाभ सांगावयास नको.

पीठ लागलेला पालथा हात आणि त्याखाली पांढरी गोल भाकरी: त्या वृद्धेचा ग्रंथावरील हातच आमच्यासमोर होता. चित्र तेथे ठरले.

या खेपेस अस्तर करड्या-पिवळसर रंगाचे दिले. डावीकडे खिडकी, गजांसह. तिच्या लगतची भिंत उजळ. उजवीकडे चुलीच्या धुराने काळवंडलेली भिंत, पण तो काळोख टर्पेंटाईनने पातळ केलेल्या एकाच हाताचा, अस्तर दिसेल असा. काकू पाटावर बसून खाली पाहात आहेत. उजेड खांद्यावरून उतरून हातांवर आणि काठवटीवर पडतो. शिसेयुक्त पांढरा विषारी असतो, आमच्या वयास तो झेपणार नाही, म्हणून टिटॅनियम पांढरा घेतला. पण तो फार थंड, दवाखान्याच्या भिंतीसारखा. ज्वारीच्या पिठाचा रंग त्यात येईना. यलो ऑकर आणि कणभर अंबर मिसळून बशीत खरे पीठ समोर ठेवून तो जुळविला, आणि मग भाकरीवर सुरीनेच थापला. हातांवर मध्यम जाडी, पदरावर कमी, चेहऱ्यावर फारच कमी. कपाळावर छायेत एक हिरवा ठिपका, तिळाएवढा. तो तीनदा पुसून चौथ्यांदा जमला, कारण थोडाही उजळ झाला की टिकलीसारखा दिसे.

मुंबईच्या पावसाळ्यात तैलरंग वाळता वाळत नाही, हे ज्यांनी घराच्या दारांना रंग दिला आहे त्यांस ठाऊक असेल. जाड थर वरून सुकतो आणि आत ओला राहतो. जून ते सप्टेंबर चित्र नुसते उभे होते. आमच्या पत्नीने दिवाणखान्यातला तो वास चार महिने सोसला, याची नोंद कार्यकारिणीच्या इतिवृत्तात नाही, म्हणून येथे करतो.

आता त्या प्रश्नाकडे येतो. चित्र कार्यकारिणीस दाखविले तेव्हा काही सभासद म्हणाले, की हात सुरेख आहेत, पण तसबिरीत चेहरा ठळक हवा. इतर सर्व तसबिरींत तो आहे. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. तसबीर माणसाची ओळख राहावी म्हणून लावतात. आम्ही त्यांना कलेतील काही मोठी मोठी कारणे सांगितली, ती खरीही होती. पण आज मोकळेपणाने सांगतो, की सर्वांत खरे कारण आम्ही त्या दिवशी सांगितले नाही. काकूंचा चेहरा आम्हांस आठवत नव्हता. मुलीच्या चेहऱ्यावरून एक नवा चेहरा रचून तो लख्ख उजेडात मांडणे सोपे होते, आणि आपण सर्वांनी 'हुबेहूब!' म्हणून मान्यही केला असता. ते आमच्याने झाले नाही. जेवढे कोणीतरी खरोखर पाहिले होते तेवढेच उजेडात ठेवले. हात आम्ही सर्वांनी पाहिले होते. गोंदण मुलीने पाहिले होते.

चित्र लागले. ज्या ज्येष्ठ सभासदांनी प्रथम शंका काढली होती तेही समारंभास आले होते. ते चित्रापुढे उभे राहिले, काही बोलले नाहीत. जाताना मात्र आमच्याजवळ येऊन एवढेच म्हणाले, की त्यांच्या वेळी काकू भाकरीचा पहिला पापुद्रा काढून त्यावर तूप घालून धाकट्या मुलांना देत असत. शंका त्यांनी मागे घेतली की नाही, ते आम्ही विचारले नाही.

काकूंच्या कन्या त्या दिवशी नातवंडांसह आल्या होत्या. चेहऱ्याविषयी त्या काहीच बोलल्या नाहीत; आम्ही धडधडत्या अंतःकरणाने वाट पाहात होतो. बऱ्याच वेळाने त्यांनी बोट दाखवून विचारले, "दादा, तांब्या उजवीकडे कसा?" आम्ही म्हणालो, तुम्ही आमच्याकडे करीत होता तेव्हा उजवीकडेच होता. त्या म्हणाल्या, "मी उजवीकडे ठेवते. आई डावीकडे ठेवायची. उजव्या हाताला पीठ असतं ना, म्हणून पाणी डाव्या हातानं घ्यायची."

समारंभानंतर आठ दिवसांनी चिटणिसांच्या परवानगीने आम्ही रंगपेटी घेऊन सभागृहात गेलो आणि शिडीवर बसून तांब्या डावीकडे हलविला. उजवीकडचा तांब्या काठवटीमागच्या भिंतीच्या रंगाने झाकला. तैलरंग वर्षानुवर्षे हळूहळू पारदर्शक होत जातो. रेम्ब्रांटच्या पुष्कळ चित्रांत त्याने हलविलेले हात आणि टोप्या आज वरच्या रंगातून अंधूक दिसू लागल्या आहेत. तेव्हा आणखी पन्नास-साठ वर्षांनी आपल्या नातवंडांपैकी कोणास काकूंच्या उजव्या बाजूस दुसऱ्या तांब्याची पुसट कड दिसली, तर त्यांनी घोटाळ्यात पडू नये. तो त्यांच्या मुलीचा आहे. चित्रावर वॉर्निश अद्याप दिलेले नाही. जाड रंग आतून पुरता वाळू द्यावयाचा आहे. तोपर्यंत कृपा करून कोणी ओल्या फडक्याने पुसू नये, आणि पाहावयाचे असल्यास सकाळी जावे, समोरची ट्यूबलाईट बंद करून.